एकाच नावाची दोन गणितं

आमच्या गावातून मॅट्रिक झालेला मी दुसरा. पहिला जो झाला तो अलिबागच्या कोर्टात कारकून म्हणून लागला आणि पुन्हा गावाकडे फिरकला नाही. त्यामुळे माझ्याकडूनही गावाला काही आशा नव्हती. आशा होती ती फक्त दादाला. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि दादाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानं स्वतःची शाळा सोडून नांगर धरला, आणि मला आधी पेणला, मग मुंबईला ठेवून बी.एस्सी. केलं. मी गणितच का घेतलं ते त्याला कधी उमगलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, "त्याला आकड्यांचं याड हाय."

आमची जमीन खारेपाटातली. तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. खाडीच्या कडेची भातशेती, आणि खाडी व शेत यांच्यामध्ये चिखलमातीचा लांबच लांब बांध. बांध टिकला तर भात. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं तर त्या वर्षीचं पीक जातंच, शिवाय दोन-तीन पावसाळ्यांनी माती धुऊन निघेपर्यंत जमीन काही देत नाही. पूर्वी हा बांध गावच सांभाळायचं. उन्हाळ्यात, भरती कमी चढते अशा दिवसांत, घरटी एक माणूस जायचा आणि खाडीतला चिकट चिखल काढून बांधावर चढवायचा. मीही लहानपणी घमेली उचलली आहेत. स्वराज्य आलं आणि काही वर्षांनी बांध सरकारनं ताब्यात घेतले. लोकांना आधी आनंदच झाला. आपल्या पाठीवरचं ओझं सरकारच्या पाठीवर गेलं असं वाटलं. बांधावर परवानगीशिवाय घमेलंभर माती टाकणंही आता गुन्हा ठरणार आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मला मुंबईला एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. त्या सुमारास तिथं एक प्रचंड इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. संगणक हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, आम्ही नुसतं 'मशीन' म्हणायचो. मशीनची खोली थंडगार असे, आणि आत जायचा अधिकार मोजक्यांनाच. आम्ही गणित कार्डांवर भोकं पाडून लिहायचो, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी छापील कागदांची चळत हातात पडायची. एका कार्डावरचं एक भोक चुकलं की दिवस गेला.

माझे साहेब परदेशात शिकून आलेले. हुशार माणूस, माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला ते दुष्ट वाटतील. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

साठच्या दशकाच्या मध्याला बांध सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडून एक काम आमच्याकडे आलं. जिल्ह्यातल्या खाड्यांमध्ये मोठ्या उधाणाला पाणी कुठं किती चढतं ते काढून द्यायचं, म्हणजे त्या हिशोबानं बांधांची उंची ठरवता येईल. त्यांच्या यादीत आमचीही खाडी होती. साहेबांनी काम माझ्याकडे दिलं. मी गणित मांडलं. खाडीच्या तोंडाशी पाणी जितकं चढतं त्याहून आत जास्त चढतं. खाडी अरुंद होत जाते, मागून समुद्र रेटत असतो, पाण्याला पसरायला जागा नसते, मग ते वर येतं. ही चढण हिशोबात धरणारा भाग मी वेगळा लिहिला. अशा वेगळ्या भागाला फंक्शन म्हणतात. त्याला एक नाव द्यायचं, आणि मुख्य गणितात जिथं गरज पडेल तिथं नुसतं नाव लिहायचं. मशीन ते नाव शोधतं, तिथं जातं, उत्तर घेऊन परत येतं. नाव सहा इंग्रजी अक्षरांच्या आत बसवावं लागे, म्हणून सगळेच जण चटकन सुचेल ते छोटं नाव ठेवत. मी ठेवलं 'टाईड'. भरतीच्या हिशोबाला दुसरं काय ठेवणार?

मी ते हातानं पडताळलं. टेबलावरच्या आकडेमोडीच्या हातयंत्रावर आठवडाभर बसून निवडक ठिकाणांची उत्तरं काढली, मशीनशी जुळवली. जुळली. साहेब खूश झाले. फक्त म्हणाले, "आकडे असे नुसते ओळीत नकोत. सरकारला सुबक तक्ते लागतात." त्यांच्याकडे आधीच्या एका कामाचा कार्डांचा गठ्ठा होता. ते काम गोदीचं होतं, आणि त्यात तक्ते छापायची तयार फंक्शनं होती. त्यांनी तो गठ्ठा माझ्या गठ्ठ्याला जोडायला सांगितला. जोडला. तक्ते फार देखणे आले. ते बांधून अहवाल गेला, वरपर्यंत सह्या झाल्या, आणि पावसाळा संपताच खात्यानं बांधांचं काम सुरू केलं. गावाहून दादाचा निरोप आला की आपल्या बांधावरही मजूर लागले आहेत.

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी दुसऱ्या एका कामासाठी मला तेच गणित परत चालवायचं होतं. या वेळी तक्ते नको होते, म्हणून नुसता माझाच गठ्ठा दिला. उत्तरं आली ती अहवालाशी जुळेनात. खाडीच्या तोंडाशी तेच आकडे, पण आत जावं तसा फरक वाढत गेलेला. आमच्या खाडीच्या अगदी आतल्या टोकाला तर पाणी अहवालापेक्षा हातभर वर.

मला आधी वाटलं कार्डं मागंपुढं झाली. लावून पाहिली, ठीक होती. मग वाटलं मशीन बिघडलं. शेजारच्या एकानं त्याचं जुनं काम चालवून दाखवलं, मशीन ठीक होतं. तक्त्यांचा गठ्ठा जोडला की आकडे खाली, काढला की वर. तक्ता छापल्यानं भरती कमी कशी होईल? मी एकेक तुकडा काढून बघू लागलो. रोज एक प्रयत्न, रोज दुपारपर्यंत वाट. शेवटी एक साधी युक्ती केली. माझ्या टाईड फंक्शनच्या सुरुवातीलाच एक कार्ड घातलं. मशीन इथं आलं की कागदावर 'मी इथं आहे' एवढं इंग्रजीत छापायचं.

दुसऱ्या दिवशी कागद आले. सुबक तक्ते, सगळे आकडे, आणि 'मी इथं आहे' कुठंच नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिलं. मशीन माझ्या फंक्शनकडे गेलंच नव्हतं.

मग गोदीचा गठ्ठा उघडून एकेक कार्ड वाचलं. तक्त्यांच्या फंक्शनांच्या मध्ये आणखी एक फंक्शन होतं, गोदीच्या पाण्याची उंची काढणारं. गोदी म्हणजे उघडा समुद्रच, तिथं आतली चढण नाही. ज्यानं ते लिहिलं त्यालाही माझ्यासारखंच सोपं नाव सुचलं होतं. टाईड. गोदीचा गठ्ठा वर ठेवलेला. मशीननं नाव शोधलं, पहिलं सापडलं ते घेतलं, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाडीच्या आतल्या गावांना आम्ही गोदीची भरती लावून दिली होती.

साहेबांकडे गेलो. दोन वाक्यांत सगळं त्यांच्या लक्षात आलं. मी म्हटलं ना, हुशार माणूस.

"म्हणजे आत आपण समुद्राचीच उंची दिली," ते म्हणाले.

"हो साहेब. तोंडाशी फरक नाही. आत हातभर."

"सर्वांत जास्त फरक कुठं येतो?"

भिंतीवर नकाशा होता. मी जाऊन बोट ठेवलं. ते उठून आले, चष्मा कपाळावर सारून जवळून पाहिलं, मग सावकाश विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

माझं बोट तिथंच होतं.

"मला तुमच्याबद्दल तिळमात्र शंका नाही," खुर्चीत बसत ते म्हणाले. "पण विचार करा. अहवालावर सह्या झाल्या, काम होत आलं. आता आपण सांगायचं की आकडे चुकले. आणि चूक काढली कुणी? ज्याची शेतं त्याच बांधाच्या मागं आहेत त्यानं."

"साहेब, दुसऱ्या कुणाला करायला द्या. गठ्ठा मी शिवतही नाही. उत्तर तेच येईल."

"देऊ. पुढच्या अहवालात दुरुस्ती घालू."

"पुढचा अहवाल कधी?"

"तुम्हाला घाई आहे, ते मी समजू शकतो," असं म्हणून त्यांनी पुढ्यातले कागद ओढले. त्या 'समजू शकतो'मध्ये सगळं होतं.

मी रजा काढून अलिबागला खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी चहा मागवून शांतपणे ऐकत होते. एकाच नावाची दोन फंक्शनं म्हणजे काय हे मी त्यांना टेबलावरच्या टाचण्यांच्या डब्या मांडून समजावलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या संस्थेनं पाठवलंय तुम्हाला?"

"नाही."

"तिथं जमीन आहे तुमची?"

"भावाची आहे."

त्यांनी हात जोडले. हसत नव्हते, चिडलेही नव्हते. "मग झालं. तुमचा चहा राहिलाय, घ्या."

तिथून एसटीनं गावी गेलो. दादा अंगणात जाळं विणत बसला होता. त्याला सांगितलं.

"किती कमी हाय?" त्यानं विचारलं.

"हातभर."

त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून दाखवला. "येवडा?"

"एवढा."

"मशिननं चूक केली?"

"मशीननं नाही. एकाच नावाची दोन गणितं होती. त्यानं दुसरंच घेतलं."

दादा हसला. "आपल्या गावात एका नावाचे पाच जन हायेत. पोस्टमन कदी चुकला न्हाय."

"पोस्टमन विचारतो, कुठला म्हणून. मशीन विचारत नाही."

त्यानं हातातली जाळ्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "मंग आपनच चढवू. बापजाद्यांनी काय मशीन बघून बांदला व्हता?" त्याच संध्याकाळी तो घरोघर फिरला. सकाळी बांधावर माणसं दिसली. मीही दोन दिवस चिखलात उतरलो. हात सोलून निघाले, पण इतकं बरं मला मुंबईत कधी वाटलं नव्हतं. उधाणं मोठी व्हायच्या आत सगळ्या बांधावर थर चढेल असा अंदाज होता. मी समाधानानं मुंबईला परतलो.

पाऊस सुरू व्हायच्या आधी परत गेलो तर थर उघाडीपर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या दारापर्यंतच आलेला. पलीकडचा बांध जसा खात्यानं सोडला तसाच.

"दादा, काम का थांबलं?"

"लोकांना येल न्हाय. पेरन्या आल्या."

"पेरण्या दरवर्षी येतात. एवढं सांगूनही गावाला अक्कल नाही का?"

दादानं पाठ फिरवली. बैल सोडायला गोठ्यात गेला. वहिनी चुलीपाशी होती, तीही माझ्याकडे न बघता भाकरी थापत राहिली. मी रागातच निघालो.

भाद्रपदाच्या उधाणात बांध गेला. गावचा एकजण गोदीत हमाल होता, तो मला खोलीवर येऊन सांगून गेला. मिळेल त्या लाँचनं खाडीपलीकडे रेवस बंदरात उतरलो आणि तिथून घरी पोचलो. वादळ झालं असेल अशी माझी समजूत. तसं काही नव्हतं. लख्ख ऊन होतं, वारा पडलेला. लोक सांगत होते, भर दुपारी पाणी नुसतं चढत चढत आलं, लाटसुद्धा नव्हती. बांधाच्या माथ्यावरून निथळायला लागलं, आणि निथळता निथळता माती घेऊन गेलं. गेलं ते उघाडीच्या पलीकडे. अलीकडचा, थर चढवलेला भाग जागच्या जागी होता. शेतात खारं पाणी आरशासारखं पसरलेलं आणि पोटरीत आलेलं भात त्यातून वर डोकावत होतं. अजून हिरवंच होतं. दोन-चार दिवसांत ते पिवळं पडणार, हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

दादा खांडीच्या तोंडाशी माणसांबरोबर चिखलाच्या गोण्या टाकत होता. मी घरी गेलो. वहिनीनं पाणी दिलं आणि दारातच बसली.

"भावजी, त्या येलेला तुमी त्यांना बोललात," ती म्हणाली. "मी गप रायले. त्यांनी शपत घातलेली. आता काय उरलं?"

"काय झालं होतं?"

"वर्शीर आलेला." ओव्हरसियरला गावात वर्शीरच म्हणत. "बांदावर हुबा रायला न म्हनला, ह्या उंचीचं तुमाला कुनी सांगितलं? तुज्या भावानं न? हाफिसातली गोस्ट त्यानं भाईर फोडली. आनखी येक घमेला पडला तर मी वर कलवतो, भावाची नोकरी गेली समज."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्यांनी तितंच घमेला खाली ठेवला. लोकांना म्हनले, बास झाला, ह्या वर्साला पुरल. लोक आयकंनात, तर भांडले त्यांच्याशी. अर्दा गाव आजून बोलत न्हाय आमच्याशी."

संध्याकाळी ओहोटी लागल्यावर दादा वर आला. कमरेपर्यंत चिखल. मी त्याला विहिरीवर पाणी ओढून दिलं. तो अंग धुत होता तेव्हा विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू रागानं नोकरी सोडली असतीस. मंग बांद बी गेला असता, नोकरी बी गेली असती."

"बांध गेला नसता, दादा. हातभर थर सगळीकडे चढला असता तर टिकला असता, मी म्हणालो होतो ना."

"व्हय. म्हनाला व्हतास." त्यानं डोक्यावर बादली ओतली. "पन मी म्हनलो, मशीन येकदा चुकलं तर दुसऱ्यांदा बी चुकल. तुजंच चुकलं असंल, पानी तितवर येयाचं न्हाय. येवडी आशा केली."

माझं गणित चुकीचं निघावं म्हणून माझा भाऊ पावसाळाभर देवाला नवस करत होता. गणित बरोबर होतं.

पुढं चौकशी झाली. खेकड्यांनी बिळं पाडून बांध पोखरला, असा निष्कर्ष निघाला. शिवाय ग्रामस्थांनी काही भागावर विनापरवाना माती टाकल्यानं पाण्याचा भार उरलेल्या भागावर आला, असंही त्यात होतं. दादाला समज देण्यात आली. अर्धा गाव आधीच बोलत नव्हता, आता उरलेला अर्धाही म्हणू लागला की ह्याच्या मातीनंच बांध गेला.

साहेबांना मी काही बोललो नाही. त्यांनी एकदा जिन्यात हटकून विचारलं, "गावाकडे नुकसान झालं का?" चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. मी "झालं" म्हटलं. ते म्हणाले, "वाईट झालं," आणि वर गेले. माझ्या फंक्शनचं नाव मी बदलून टाकलं, सहा अक्षरांत बसेल असं एक विचित्र नाव, जे दुसऱ्या कुणालाही सुचू नये. संस्थेत मग तसा नियमच झाला, की दुसऱ्याचा गठ्ठा जोडण्यापूर्वी आतली सगळी नावं पडताळून घ्यायची. तो नियम साहेबांच्या सहीनं निघाला. नव्या मुलांना ते तो फार छान समजावून सांगत. उदाहरण म्हणून दोन टाईडची गोष्ट सांगत, खाडीचं नाव न घेता, आणि मुलं हसत.

जमीन पिकेना तेव्हा दादा मुंबईला आला. एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला आणि माझ्याच खोलीत राहू लागला. वहिनी गावी, दोघा पोरांना घेऊन. दादाला खाकी कपडे कधी शोभले नाहीत. कडक उन्हात फाटकापाशी उभा असला की वाटे, हा आता खाली वाकून काहीतरी उचलेल. आम्ही दोघं एकाच ताटलीत जेवायचो, गप्पाही मारायचो, पण बांध हा शब्द त्या खोलीत कुणी काढला नाही. मी लग्न लांबवत राहिलो. लोक कारण विचारत, मी जागा लहान आहे म्हणून सांगत असे.

दशक संपत आलं तेव्हा दुरुस्त अहवाल निघाला. आकडे माझेच, हातभर वर. खाली नावं साहेबांची आणि खात्यातल्या दोघांची. त्या आकड्यांवरून आमच्या खाडीला नवा बांध बांधला गेला, उंच, दगडी तोंडाचा. उद्घाटनाचा मांडव पडला. लाभ होणाऱ्या शेतकऱ्यांना पुढच्या रांगेत बसवायचं म्हणून गावात शोध घेतला, तर निम्म्या घरांची माणसं मुंबईला. मग निरोप धाडून बोलावली. दादाही गेला. मी गेलो नाही, माझी रजा शिल्लक नव्हती असं मी त्याला सांगितलं.

संध्याकाळच्या लाँचनं तो परत आला, कारण त्याची रात्रपाळी होती. टोपी काढून खुंटीला लावली. मी विचारलं, "कसा झाला बांध?"

"झकास. पानी काय यायचं न्हाय आता." खिशातून कागदात गुंडाळलेला अर्धा पेढा काढून त्यानं माझ्या हातावर ठेवला. "आर्दा मी खाल्ला. तुज्यासाटी ह्यो ठेवला." मग खाकी कपडे चढवले आणि पाळीवर गेला.